वळणावरचा हॉर्न

पहिल्या वळणावर मी हॉर्न वाजवला तेव्हा शेजारी बसलेल्या परीक्षकाने पेन उचलून कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मार्क दिले. म्हणून दुसऱ्या वळणावर जरा लांब वाजवला.

ही कॅलगरीतली गोष्ट. आम्हाला कॅनडात येऊन दोन वर्षं झाली होती. मे महिना होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परीक्षकाचं नाव ग्रँट. धिप्पाड माणूस, आमच्या छोट्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन कसाबसा मावला होता. तिसरं वळण एका दवाखान्यापाशी आलं. तिथे एक म्हातारी वॉकर धरून फुटपाथवरून चालली होती. वळण, त्यात दवाखाना, त्यात म्हातारं माणूस, म्हणून मी दोनदा हॉर्न दिला. म्हातारी दचकली, तिच्या हातातली पिशवी सुटली आणि संत्री रस्ताभर घरंगळत गेली.

"गाडी कडेला घ्या," ग्रँट म्हणाला.

तो उतरला, वाकून एकेक संत्रं गोळा केलं, म्हातारीच्या हातात पिशवी दिली, माझ्या वतीने तिची माफी मागितली आणि परत येऊन बसला.

"मॅडम, तुम्ही कोणावर रागावला आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणावरच नाही."

ते अगदी खरं होतं. त्या दिवशी माझा कोणावर राग नव्हता. तो राग नंतर आला.

"मग हॉर्न कोणासाठी वाजवत होतात?"

"वळण होतं ना, म्हणून."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "इथे हॉर्न म्हणजे शिवी," तो म्हणाला. "तुम्ही पंधरा मिनिटांत चार शिव्या दिल्यात. आता इथून मी चालवतो."

परत येताना मी माझ्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसून आले. मांडीवर नापासाचा कागद होता.

संध्याकाळी उदयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. आम्ही दोघंही सावंतवाडीकडची. एरवी तो चांगलं पुस्तकी बोलतो, पण धक्का बसला की मालवणीवर येतो.

"हॉर्न कित्याक वाजवलंस गो?"

"शरयूवहिनींनी सांगितलं होतं."

तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. "त्यांची काहीतरी गफलत झाली असेल," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

शरयूवहिनी म्हणजे शरयू करमरकर. आमच्या महाराष्ट्र मंडळात तेव्हा साठेक घरं होती आणि त्या साठही घरांच्या वहिनी म्हणजे शरयूवहिनी. पन्नाशीच्या, गोऱ्यापान, मोठं कुंकू, मोठं घर आणि मोठी मरून रंगाची गाडी. करमरकर उत्तरेला तेलाच्या विहिरींवर इंजिनीअर होते. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मुलगा टोरांटोला. आम्ही आलो त्या पहिल्याच महिन्यात वहिनींनी मला सांगून टाकलं, "रत्ना, तू गाडीची काळजी करू नकोस. मी आहे ना."

आणि त्या खरोखर होत्या. उदय आमची गाडी घेऊन पहाटे कारखान्यात जायचा तो संध्याकाळी परतायचा. आमच्या भागात बस तासाला एक, आणि उणे वीसमध्ये त्या एका बसची वाट बघणं म्हणजे काय ते बघितलेल्यालाच कळेल. भाजी, बँक, डॉक्टर, सगळीकडे वहिनींनी मला नेलं. बदल्यात कधी काही मागितलं नाही. फक्त भाजी घेऊन परतताना गाडी आधी त्यांच्या दारात थांबायची. "आलीच आहेस तर जरा चार पोळ्या लाट." चाराच्या चाळीस झाल्या. मग पुरणपोळ्या, मग चकल्या आणि मग गणपतीचे उकडीचे मोदक.

मोदक माझ्या हातात आहेत. आईच्या हातात होते, तिच्याकडून आले. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीला मी वहिनींच्या स्वयंपाकघरात सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत दोनशे एक्कावन्न मोदक केले. पारी करायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या. वहिनी सारणाच्या वाट्या भरून द्यायच्या आणि बोलायच्या. मग मोदक त्यांच्या डब्यांत गेले, डबे त्यांच्या गाडीत गेले आणि हॉलमध्ये मंडळाचे अध्यक्ष आपटेकाका पहिला मोदक खाऊन म्हणाले, "शरयूवहिनी, या कळ्या बघून आमच्या दापोलीची आठवण आली. हात आहेत का काय आहेत हो तुमचे."

मी पाण्याचा जग घेऊन शेजारीच उभी होते.

"काही नाही हो," वहिनी म्हणाल्या, "सवयीचं आहे."

मी गप्प बसले. गाडी त्यांची होती ना. काम संपल्यावर मला घरी जायचं असायचं, तर त्या म्हणायच्या, "थांब गं, चहा घेऊन जा. सोडते मी." मग चहा, मग मुलाच्या मुंजीचा अल्बम, मग परत चहा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी बसून राहायची. अडला हरी, दुसरं काय.

म्हणून मला लायसन हवं होतं. आणि फक्त म्हणून नाही. सावंतवाडीच्या इस्पितळात मी सात वर्षं नर्स होते. इथे माझ्या सर्टिफिकेटला कोणी विचारत नव्हतं, पण घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेने मला मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. जूनपासून काम. अट एकच, स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. दोन वर्षं दुसऱ्याच्या पोळ्या लाटून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. ते काम मला श्वासाइतकं हवं होतं.

गाडी मला येत होती. वडिलांची जीप होती, आंबोली घाटात भाड्याने फिरायची. एकोणिसाव्या वर्षी मी ती घाटात चालवली आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बँकेतून परत येताना वहिनींनी विचारलं, "तयारी झाली का गं?"

"झाली. फक्त उजव्या बाजूने चालवायचं अजून अंगवळणी पडत नाही."

"ते पडेल. एक लक्षात ठेव हं, प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचा. सावधपणा बघतात हे लोक. मी नव्हता दिला म्हणून पहिल्यांदा नापास झाले होते."

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या घाटात दर वळणाला पाटी होती, 'वळणावर हॉर्न द्या.' वडील शिकवताना म्हणायचे, हॉर्न दिला नाहीस तर समोरचा आणि तू दोघंही दरीत. मला ते इतकं बरोबर वाटलं की वहिनींचे आभार मानून मी घरी आले.

नापास झाले आणि जूनचं काम गेलं. त्या जागी दुसरी कोणी लागली. संस्थेतली बाई म्हणाली, "पुढची भरती ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबरअखेर लायसन हातात असेल तर या, नसेल तर तुमचं नाव मी काढून टाकेन."

वहिनी भेटायला आल्या, येताना लिंबाचं लोणचं घेऊन आल्या. "नियम बदलले असतील गं," म्हणाल्या. "जाऊ दे. कशाला ती दगदग? मी आहे ना."

जुलैमध्ये मंडळाची सहल होती. मी शेगडीवर कणसं भाजत होते आणि शेजारी मीनल उभी होती. ठाण्याची मुलगी, लग्न होऊन येऊन जेमतेम आठ महिने झालेले. तिला पहिल्याच झटक्यात लायसन मिळालं होतं.

"रत्नाताई, तुम्ही हॉर्नमुळे कशा नापास झालात हो?" तिने भाबडेपणाने विचारलं. "मला तर शरयूवहिनींनी आदल्या दिवशी दहा वेळा बजावलं होतं, काही झालं तरी हॉर्नला हात लावू नकोस, लगेच नापास करतात."

"कधी बजावलं होतं?"

"एप्रिलमध्ये. माझी परीक्षा एप्रिलमध्ये होती ना. तुम्हाला नव्हतं का सांगितलं?"

"सांगितलं असेल," मी म्हटलं. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

समोर झाडाखाली वहिनी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. काहीतरी सांगत होत्या आणि सगळ्या हसत होत्या. मधेच माझं नाव ऐकू आलं, आणि मग वहिनींनी तोंडाने मोटारीचा हॉर्न वाजवून दाखवला. पँ पँ. हातातलं कणीस मी काळं होईपर्यंत भाजलं. त्या दिवशी मला राग आला, आणि आला तो मुक्कामालाच आला. तोंडाने मी पुढेही 'वहिनी, तुम्ही' म्हणत राहिले, पण मनातल्या मनात त्या दिवसापासून वहिनींची 'ती' झाली.

भांडले नाही. भांडून काय झालं असतं? "अगं, मी कशाला असं सांगेन," म्हणून ती रडली असती आणि साठही घरांनी मलाच कृतघ्न ठरवलं असतं. मी नर्स होते. सुई टोचायची तर आधी शीर शोधावी लागते हे मला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या तयारीची बैठक झाली. आपटेकाका म्हणाले, इथे जन्मलेल्या मुलांना आपलं काहीतरी दाखवायला हवं. मी हात वर केला. दोन वर्षांत बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडत होते.

"शरयूवहिनींनी स्टेजवर उकडीचे मोदक करून दाखवावेत," मी म्हटलं. "उकड काढण्यापासून. त्यांच्यासारख्या कळ्या अख्ख्या गावात कोणाला पडत नाहीत. मुलांनी बघितलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. आपटेकाकांनी लगेच वहीत लिहून घेतलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, पण कुंकवाखालचं कपाळ ओलं झालं होतं.

परतताना गाडीत तिने आधी आरसा दोनदा सारखा केला. मग म्हणाली, "काय हे रत्ना, मला न विचारता?"

"अहो वहिनी, मी आहे ना," मी म्हटलं. तिचंच वाक्य, तिच्याच सुरात. "तुम्ही स्टेजवर बोला, मी शेजारी बसून हात चालवीन. मुलांना काय कळतंय कोणाचे हात ते."

तिचा जीव भांड्यात पडला. "हो ना गं," ती म्हणाली, "तू आहेस म्हणून." आणि त्या दिवशी चहाबरोबर तिने मला बेसनाचा लाडूही दिला. मी खाल्ला.

गाडीचा सराव मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस कोवालचुककडे करत होते. युक्रेनची विधवा बाई, ऐंशीची. मी तिच्या पायाच्या जखमेला रोज पट्टी करायची आणि त्यानंतर ती मला तिच्या जुनाट निळ्या गाडीत बसवायची. स्वतः शेजारी बसून हातातल्या काठीने दिशा दाखवायची.

"हॉर्न?" मी एकदा विचारलं.

"हरणासाठी," ती म्हणाली. "फक्त हरणासाठी."

परीक्षेची तारीख मी मुद्दाम मागून घेतली. चतुर्थीनंतरचा शनिवार, सकाळी साडेनऊ. मंडळाचा गणपती त्याच दिवशी होता आणि मोदकांचा कार्यक्रम अकराला. ती मला दहाला घ्यायला येणार होती. उदयला मी फक्त परीक्षेचं सांगितलं. तो पहाटेच मखर लावायला हॉलवर गेला.

परीक्षेसाठी कोवालचुकबाईंनी आपली निळी गाडी दिली होती, आणि परीक्षक परत ग्रँटच आला. त्याने मला ओळखलं, गाडीत बसायच्या आधी दारात थांबला आणि विचारलं, "मॅडम, आज कोणावर रागावला आहात का?"

"आज आहे," मी म्हटलं. "पण हॉर्नवर काढणार नाही."

तो बसला. दवाखान्याच्या वळणावर मी इतकी हळू आणि इतकी गुपचूप वळले की त्याने कागदावरून मान वर करून पाहिलं. पाऊण तासाने माझ्या हातात तात्पुरतं लायसन होतं. साधा कागद, त्यावर माझं नाव. रत्नप्रभा राणे. मी गाडीत बसून पाच मिनिटं रडले, मग तोंड पुसलं आणि वेळ बघितली. दहा वाजून वीस मिनिटं. ती आमच्या दारातली घंटी वाजवून वाजवून थकली असेल. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

हॉलपर्यंत मी एकटी गाडी चालवत गेले. गाडी नीट रेघांच्या आत लावली आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी आत गेले.

स्टेजवर टेबल होतं, विजेची शेगडी होती, मोदकपात्र होतं आणि हिरव्या पैठणीत ती होती. पुढे सतरंजीवर वीसपंचवीस मुलं आणि मागे अख्खं मंडळ. तिची नजर सारखी दाराकडे जात होती. मी दिसले तशी ती खुलली. हाताने खूण केली, ये लवकर.

मी पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची बघितली, बसले, हात मांडीवर घेतले आणि तिच्याकडे बघून हसले.

तिने परत खूण केली. मी परत हसले.

तिसऱ्यांदा तिने खूण केली नाही. त्या वेळी तिला कळलं. एवढ्या लांबूनही मला ते दिसलं.

"बरं का मुलांनो," ती माइकवर म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "आता आपण उकड मळायची."

माझी वाट बघण्यात तिची पाचसात मिनिटं गेली होती आणि लोक चुळबुळत होते. उकड नुकतीच वाफेवरून उतरलेली. आमच्या घरात पाच वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं की ती आधी परातीत पसरायची, वाटीच्या बुडाने रगडायची आणि मग तेलापाण्याचा हात लावून मळायची. ती मला दोन वर्षं बघत होती, पण बघताना बोलत होती. तिने भांडं परातीत पालथं केलं. दोन्ही बाह्या मागे सारल्या.

वाटी घ्या, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी पहिल्या रांगेत होते, ओरडायचीही गरज नव्हती. ते शब्द माझ्या ओठांवर आले होते, हे मला आजही स्पष्ट आठवतं. मी ते बोलले नाही.

तिने दोन्ही हात उकडीत घातले.

ती किंचाळली नाही. तिने हात बाहेर काढले, ते पीठ तळहातांना चिकटलेलं, ती झटकायला लागली आणि ते सुटेना. उकड गरम तेलापेक्षा वाईट, झटकून जात नाही. एक मुलगा हसला आणि त्याचं बघून सगळी मुलं हसली. त्यांना वाटलं, गंमत चालली आहे. ती तशाच हातांनी एक गोळा उचलून पारी करायला लागली. पारी फाटत होती. तिने सारण भरलं आणि वरून ते सगळं मुठीत दाबलं. कळी एकही नाही. पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने इंग्रजीत म्हणाली, "हा तर बटाटा आहे."

आपटेकाका त्या गोळ्याकडे बघत राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मीनल माझ्याकडे बघत होती.

मग मी उठले. नर्स म्हणून उठले, असं म्हणता येईल. तिला मागच्या मोरीत नेलं, नळाखाली हात धरले, गार पाण्याने उकड हळूहळू सोडवली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मी ओला स्वच्छ पंचा गुंडाळला. हे सगळं मी व्यवस्थित केलं, माझा हात हलका आहे. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"करमरकर तिकडे उत्तरेला," कोणीतरी दारातून म्हणालं. "वहिनींना घरी कोण नेणार? गाडी कशी चालवतील?"

"मी नेते," मी म्हटलं आणि पर्समधला कागद काढून सगळ्यांना दिसेल असा धरला. "आजच मिळालं."

उदयने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. शाबासकी द्यायला त्याने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

तिच्या मरून गाडीत मी चालकाच्या जागी बसले. दोन वर्षं ज्या जागी मी बसले त्या जागी ती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मी तिचा पट्टा बांधला, आरसे माझ्या उंचीचे करून घेतले. पार्किंगमधून बाहेर पडताना पहिलं वळण आलं आणि मी हॉर्न वाजवला.

ती दचकली.

"सावधपणा हो," मी म्हटलं. "बघतात हे लोक."

हॉलपासून तिच्या घरापर्यंत नऊ वळणं आहेत. प्रत्येक वळणावर मी हॉर्न दिला. लांब, अंगठा दाबून धरून. हिरवळीवर पाणी मारणारे लोक थांबून बघत होते. एका सायकलवाल्याने बोट दाखवलं. पाचव्या वळणावर तिच्या गालांवरून पाणी यायला लागलं, तिला हात नव्हते म्हणून पुसता येईना. मीही पुसलं नाही. ग्रँटने आता विचारलं असतं तर मी त्याला नाव, गाव, पत्ता सगळं सांगितलं असतं.

तिच्या पर्समधून किल्ली काढून मी दार उघडलं. आत नेऊन तिला खुर्चीवर बसवलं. स्वयंपाकघर चकचकीत आवरलेलं होतं. शेगडीवर चहाचं आधण मोजून ठेवलेलं होतं आणि ओट्यावर दोन कप पालथे घातले होते, शेजारी वाटीखाली झाकलेले दोन लाडू. कार्यक्रम झाल्यावर मला घेऊन इथेच यायचं असणार.

मी निघाले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"मीनलला खरं सांगितलं. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"मीनल काही माझ्याकडे येत नव्हती." ती हातांकडे बघत होती. "तुझं लायसन झालं असतं तर तू कशाला आली असतीस? महिन्यातून तीन आठवडे या घरात फोनसुद्धा वाजत नाही, रत्ना. मोदक गेले चुलीत. तू यायचीस."

मी दारात उभी होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते खरं होतं. नुसतं ये म्हणाला असतात तरी आले असते, वहिनी. मलाही या गावात दुसरं कोण होतं? पहिल्या हिवाळ्यात तुमच्या गाडीचा आवाज आला की मी पळत खिडकीशी जायचे. एवढं म्हटलं असतं तर ती मोकळी झाली असती. कदाचित आम्ही दोघीही झालो असतो. म्हणूनच मी ते म्हटलं नाही.

"पट्टी उद्या बदलायला हवी," मी म्हटलं. "दवाखान्यात जा. टॅक्सी मिळते."

किल्ली ओट्यावर त्या दोन कपांशेजारी ठेवली आणि दार ओढून घेतलं. कोवालचुकबाईंची गाडी हॉलपाशी होती, तिथपर्यंत तासभर चालत गेले. वाटेतली नऊ वळणं मोजली.

ऑक्टोबरपासून कामाला लागले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मंडळात मोदक मीच करते, माझ्या नावाने. माझ्यानंतर नव्याने आलेल्या अकरा बायकांना मी गाडी शिकवली आणि सगळ्यांना हॉर्नचं पहिल्या दिवशी सांगितलं. शरयूवहिनी त्यानंतर मंडळात फारशी दिसली नाही. करमरकर गेले, मुलगा टोरांटोलाच आहे, आणि गेल्या वर्षापासून डोळ्यांमुळे तिचं लायसन संपलं असं मीनल म्हणत होती.

माझ्या एका पेशंटचं घर तिच्या घराच्या पुढे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथून जाते. स्वयंपाकघरात दिवा असतो आणि खिडकीशी ती बसलेली असते, रस्त्याकडे तोंड करून. तिला आता गाडी कोणाची ते दिसत नसणार. वळणावर एकदा नुसता हॉर्न दिला तर तिला कळेल आणि ती दार उघडेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी देत नाही.